बिलरोथ यांचा हिशेब

जठराच्या कर्करोगावर शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णाच्या फाइलमध्ये 'बिलरोथ वन' किंवा 'बिलरोथ टू' असे शब्द आजही दिसतात. वाचणाऱ्याला ते एखाद्या औषधाचे किंवा यंत्राचे नाव वाटते. प्रत्यक्षात ते एका माणसाचे आडनाव आहे. थिओडोर बिलरोथ हे एकोणिसाव्या शतकातील जर्मन सर्जन. जठरातील कर्करोगाची गाठ कापून काढली, उरलेली टोके नीट शिवली, तर रुग्ण पुन्हा जेवू शकतो, हे त्यांनी १८८१ मध्ये दाखवून दिले. ती रुग्ण मात्र शस्त्रक्रियेनंतर चारच महिने जगली. ती का गेली, या प्रश्नाचे धागे आजच्या दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेपर्यंत येऊन पोहोचतात.

बिलरोथ यांचा जन्म २६ एप्रिल १८२९ रोजी बाल्टिक समुद्रातील र्‍यूगेन बेटावर झाला. वडील धर्मोपदेशक होते. थिओडोर पाच वर्षांचा असतानाच ते वारले आणि आई मुलांना घेऊन ग्राइफ्सवाल्ड या गावी राहायला गेली. शाळेत हा मुलगा काही चमकला नाही. त्याचा जीव रमायचा पियानोत, आणि व्हायचे होते संगीतकार. पण विधवा आईच्या घरात हे स्वप्न परवडणारे नव्हते. वडीलधाऱ्यांच्या सांगण्यावरून त्याने वैद्यकाची वाट धरली. विल्हेल्म बाउम या सर्जन प्राध्यापकांनी त्याला आपल्यासोबत ग्योटिंगेनला नेले आणि तिथे त्याला अभ्यासाची गोडी लागली. शिक्षण सुरू असतानाच आईही क्षयाने गेली.

१८५२ मध्ये बर्लिनला डॉक्टर झाल्यावर त्यांनी शहरात स्वतःचा दवाखाना थाटला. दोन महिने एकही रुग्ण फिरकला नाही. सुदैवाने बेर्नहार्ड फॉन लांगेनबेक या त्या काळच्या नामांकित सर्जनच्या हाताखाली सहायकाची जागा मिळाली आणि दवाखाना बंद झाला. इथल्या सात वर्षांत दिवसा शस्त्रक्रिया आणि उरलेल्या वेळी सूक्ष्मदर्शक, असा त्यांचा क्रम राहिला. काढलेली गाठ फेकून न देता ती कशाची बनली आहे, कुठून वाढली आहे, हे पाहायची सवय त्यांना तिथे लागली. सर्जनने हाताने जितके काम करायचे, तितकेच डोळ्यांनीही करायचे, ही शिस्त त्यांनी पुढे आयुष्यभर सोडली नाही.

१८६० मध्ये, वयाच्या एकतिसाव्या वर्षी, ते झुरिचला शस्त्रक्रियेचे प्राध्यापक झाले. तेव्हाची परिस्थिती आज कल्पनेत आणणेही कठीण आहे. ईथरची भूल जाहीरपणे देऊन दाखवल्याला जेमतेम चौदा वर्षे झाली होती. भुलीमुळे रुग्ण टेबलावर शांत पडून राहू लागला, पण जखमेतील पू आणि त्यामागून येणारा ताप यांवर उपाय नव्हता. हातपाय कापताना माणसे दगावत होती, तिथे पोट उघडणे म्हणजे मृत्यूला आवतण. बिलरोथ यांनी रुग्णांचा ताप नियमित मोजायला आणि त्याची नोंद ठेवायला सुरुवात केली. शस्त्रक्रियेनंतर कोणत्या दिवशी ताप चढतो, कधी उतरतो, कोणता ताप धोक्याचा, हे त्या नोंदींतून दिसू लागले. आज प्रत्येक वॉर्डात खाटेशी अडकवलेला तापाचा तक्ता ही साधी गोष्ट वाटते. तेव्हा ती नवी होती.

झुरिचमध्ये त्यांनी आणखी एक काम केले, आणि त्यांच्या कर्तृत्वाचा कणा खरे तर तेच आहे. १८६० ते १८६७ या काळात आपल्या विभागात जे जे रुग्ण आले, त्या सर्वांचा हिशेब त्यांनी छापून प्रसिद्ध केला. किती बरे झाले, किती दगावले, कोणाचा आजार पुन्हा उलटला, सगळे त्यात होते. त्या काळी सर्जन आपल्या यशाच्या कहाण्या लिहीत आणि अपयशाबद्दल गप्प राहत. त्यामुळे एखादी शस्त्रक्रिया खरोखर फायद्याची आहे की नाही, हे कळायला मार्गच नव्हता. बिलरोथ यांनी स्वतःचे मृत रुग्णही मोजले. घरी गेलेल्या रुग्णाचे पुढे काय झाले, याचाही ते पाठपुरावा करत. कर्करोगाच्या बाबतीत हे विशेष महत्त्वाचे ठरले, कारण जखम भरणे आणि रोग बरा होणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

१८६७ मध्ये व्हिएन्नाच्या सार्वजनिक रुग्णालयातील दुसऱ्या शस्त्रक्रिया विभागाचे प्रमुखपद त्यांना मिळाले. आदल्याच वर्षी प्रशियाने ऑस्ट्रियाचा युद्धात पराभव केला होता. अशा वेळी उत्तरेकडच्या जर्मन माणसाला हे मानाचे पद मिळणे सोपे नव्हते. पुढची सत्तावीस वर्षे ते व्हिएन्नातच राहिले. १८७० मध्ये फ्रान्स आणि प्रशिया यांच्यात युद्ध पेटले, तेव्हा ते स्वतःहून जखमींच्या सेवेला गेले. परत आल्यावर, शरीराच्या ज्या भागांना कोणी हात लावत नसे, तिकडे ते वळले. अन्ननलिकेचा तुकडा त्यांनी काढला. १८७३ च्या अखेरच्या दिवशी कर्करोगग्रस्त स्वरयंत्र पूर्ण काढून टाकले. सहायक कार्ल गुसेनबाउर यांनी बनवलेल्या कृत्रिम स्वरयंत्राच्या मदतीने तो रुग्ण बोलूही लागला. पण काही महिन्यांतच कर्करोग उलटला आणि रुग्ण गेला. शस्त्रक्रिया यशस्वी, रुग्ण मृत, हा कटू धडा त्यांना पुन्हा पुन्हा मिळणार होता.

ते चुकलेही. जंतुसंसर्गावर त्यांनी वर्षानुवर्षे अभ्यास केला. साखळीसारखे दिसणारे जंतू पाहून त्यांना 'स्ट्रेप्टोकोकस' हे नाव त्यांनीच दिले. मात्र सगळे जंतू एकाच जिवाची वेगवेगळी रूपे आहेत, असा त्यांचा ग्रह होता आणि तो चुकीचा निघाला. जोसेफ लिस्टर यांची कार्बोलिक आम्लाने जंतू मारण्याची पद्धतही त्यांनी जरा उशिराच स्वीकारली. १८७० च्या दशकात वैद्यकीय शिक्षणावर लिहिताना पूर्व युरोपातून येणाऱ्या ज्यू विद्यार्थ्यांविषयी त्यांनी अपमानास्पद विधाने केली आणि त्यावरून व्हिएन्नात गदारोळ झाला. आयुष्याच्या अखेरच्या काळात ते ज्यूद्वेषाविरुद्ध काम करणाऱ्या संघटनेत सामील झाले. तरी आधीचे लिखाण पुसले गेले नाही.

जठराच्या कर्करोगाकडे ते वळले, ते सावकाश आणि पूर्वतयारीने. जठर जिथे संपते आणि लहान आतडे सुरू होते, ते तोंड अरुंद असते. तिथे गाठ झाली की अन्न पुढे सरकत नाही. रुग्ण खाल्लेले सगळे ओकतो आणि शेवटी उपासमारीने खंगून मरतो. ही गाठ काढता येईल का? गुसेनबाउर आणि आलेक्झांडर फॉन विनिवार्टर या सहायकांनी आधी कुत्र्यांवर प्रयोग केले. जठराचा तुकडा काढून टोके शिवली तर प्राणी जगतो, हे त्यांनी १८७६ मध्ये दाखवले. शिवलेली जागा पाचक रसात विरघळून जाईल, ही भीती त्यामुळे खोटी ठरली.

याच दोघांनी दुसरेही एक काम केले. व्हिएन्नातील शवविच्छेदनांच्या जुन्या नोंदी त्यांनी चाळल्या. जठराच्या खालच्या तोंडाशी कर्करोग झालेले ५४२ मृत त्यांना सापडले. त्यांपैकी २२३ जणांमध्ये रोग दुसऱ्या अवयवांत पसरलेलाच नव्हता. म्हणजे दहापैकी चार रुग्ण त्या एका गाठीमुळे मेले होते. ती वेळेवर निघाली असती तर कदाचित वाचले असते. शस्त्रक्रिया करून पाहण्याला हा आकडा पुरेसा आधार होता. मात्र उरलेल्या सहा जणांमध्ये रोग आधीच पसरलेला होता, हेही तोच आकडा सांगत होता. जिवंत माणसाच्या बाबतीत तो चारांपैकी की सहांपैकी, हे पोट न उघडता ओळखायचे कसे, याचे उत्तर कोणाकडे नव्हते.

इतरांनीही प्रयत्न केले होते. १८७९ मध्ये पॅरिसला ज्यूल पेआं यांनी अशी शस्त्रक्रिया केली, रुग्ण पाचव्या दिवशी गेला. १८८० च्या नोव्हेंबरात पोलिश सर्जन लुडविक रिडिगियेर यांचा रुग्ण बारा तासांच्या आत दगावला. त्यानंतर दोनच महिन्यांनी बिलरोथ यांच्याकडे ४३ वर्षांची एक स्त्री आली. ती आठ मुलांची आई होती. उलट्यांनी ती हाडांचा सापळा झाली होती. आंबट दुधाशिवाय पोटात काही ठरत नव्हते.

२९ जानेवारी १८८१ रोजी शस्त्रक्रिया झाली. आधी कोमट पाण्याने जठर धुऊन काढण्यात आले, त्यासाठी सुमारे चौदा लिटर पाणी लागले. रुग्णाचे अंग थंड पडू नये म्हणून खोली तापवून ठेवली होती. क्लोरोफॉर्मची भूल दिली. बिलरोथ यांनी गाठ असलेला जठराचा भाग कापून काढला, उरलेले जठर लहान आतड्याला जोडले आणि रेशमी धाग्याचे सुमारे पन्नास टाके घातले. एकूण दीड तास लागला. रक्त देण्याची सोय नव्हती, शिरेतून सलाइन नव्हते, प्रतिजैविके तर साठ वर्षे दूर होती. तरीही ती स्त्री जगली. उलट्या थांबल्या, ती खाऊ लागली आणि काही आठवड्यांत घरी गेली. सगळ्या युरोपात ही बातमी पोहोचली.

मे महिन्यात ती वारली. टाके उसवले नव्हते, जठराची जोडणी शाबूत होती. कर्करोग यकृतात पसरला होता. शस्त्रक्रियेच्या दिवशीही तो तिथे सूक्ष्म रूपात असणार, पण कोणाला दिसला नव्हता. तिच्या जठराचा तो भाग व्हिएन्नाच्या योझेफिनुम या वैद्यक संग्रहालयात आजही जपून ठेवलेला आहे.

बिलरोथ यांचे लगेच पुढचे दोन रुग्णही वाचले नाहीत. तरी त्यांनी शस्त्रक्रिया सोडली नाही आणि मृत्यूंच्या नोंदीही दडवल्या नाहीत. त्याच वर्षी त्यांचे सहायक आंटोन व्योल्फलर यांच्यापुढे वेगळा पेच उभा राहिला. पोट उघडल्यावर गाठ इतकी पसरलेली दिसली की काढणे शक्यच नव्हते. तेव्हा त्यांनी गाठीला हात न लावता जठर थेट लहान आतड्याच्या पुढच्या भागाला जोडून अन्नाला वळणवाट करून दिली. रोग बरा होणार नव्हता, पण रुग्ण उपाशी मरणार नव्हता. पसरलेल्या कर्करोगात शस्त्रक्रियेचा हेतू बदलतो, हे वैद्यकाला इथून उमगत गेले. १८८५ मध्ये बिलरोथ यांनी गाठ काढणे आणि ही वळणवाट देणे, या दोन्हींची सांगड घातली. तीच 'बिलरोथ टू'.

रुग्णालयाबाहेरचे बिलरोथ संगीतात बुडालेले असत. योहानेस ब्राम्स हे त्यांचे जिवलग मित्र. ब्राम्स यांच्या कित्येक नव्या रचना जाहीर कार्यक्रमाआधी बिलरोथ यांच्या घरी वाजवल्या जात, आणि आपल्या दोन तंतुवाद्य चौकड्या ब्राम्स यांनी त्यांनाच अर्पण केल्या. रुग्ण बरा होण्यात शुश्रूषेचा वाटा किती मोठा आहे हे ओळखून बिलरोथ यांनी व्हिएन्नात परिचारिकांच्या प्रशिक्षणासाठी रुडोल्फिनरहाउस ही संस्था उभी केली. लांगेनबेक निवृत्त झाल्यावर बर्लिनने त्यांची जागा देऊ केली, ती त्यांनी नाकारली. १८८७ च्या न्यूमोनियानंतर मात्र प्रकृती खालावत गेली. ६ फेब्रुवारी १८९४ रोजी एड्रियाटिक किनाऱ्यावरील ओपातिया येथे त्यांचे निधन झाले.

पोट न उघडता आत पाहायचे कसे, या प्रश्नावर त्यांच्या हयातीतच, त्यांच्याच विभागात काम सुरू झाले होते. त्यांचे सहायक योहान मिकुलिच यांनी १८८१ मध्येच व्हिएन्नातील उपकरणकार योझेफ लाइटर यांच्या मदतीने एक कडक नळी बनवली. तिच्या टोकाला विजेने तापणारी प्लॅटिनमची तार होती. तोंडावाटे ती नळी घालून जिवंत माणसाचे जठर आतून पाहता येऊ लागले. मात्र जठराच्या बाहेर, यकृतावर किंवा पोटाच्या अस्तरावर काय आहे, ते तिला दिसत नव्हते. १९०१ मध्ये गेओर्ग केलिंग यांनी कुत्र्याच्या पोटात हवा भरून आत नळी घातली आणि अवयव पाहिले. १९१० मध्ये स्टॉकहोमच्या हान्स क्रिस्टियन याकोबेउस यांनी तेच माणसांमध्ये केले.

१९११ मध्ये अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात बर्ट्रॅम बर्नहाइम यांनी स्वादुपिंडाच्या कर्करोगाच्या एका रुग्णाच्या पोटात छोट्या छेदातून नळी घातली. रोग पसरला आहे का, हे मोठ्या शस्त्रक्रियेआधीच पाहायचे, हा त्यामागचा विचार. तो रुग्ण होता विल्यम हॉल्स्टेड यांचा. आणि हॉल्स्टेड तरुणपणी व्हिएन्नाला जाऊन बिलरोथ यांचे काम पाहून आलेले होते.

आज हे काम रोजचे झाले आहे. जठराचा कर्करोग भिंतीत खोलवर गेल्याची शंका असेल, तर मोठी शस्त्रक्रिया ठरवण्याआधी बेंबीजवळ छोटा छेद घेऊन दुर्बीण आत घालतात. पोट कार्बन डायऑक्साइड वायूने फुगवलेले असते. यकृताचा पृष्ठभाग, पोटाचे अस्तर, आतड्यांवरची चरबीची झालर असे सगळे पडद्यावर पाहतात, संशयास्पद ठिकाणाचा तुकडा घेतात आणि पोटात पाणी सोडून, ते परत घेऊन त्यात कर्करोगाच्या पेशी आहेत का तेही तपासतात. अस्तरावरचे तांदळाच्या कणीएवढे ठिपके सीटी स्कॅनमध्ये अनेकदा दिसत नाहीत, दुर्बिणीत दिसतात. तसे ठिपके सापडले, तर जठर काढण्याची घाई न करता आधी केमोथेरपी दिली जाते. रुग्ण एका मोठ्या आणि निरुपयोगी जखमेतून वाचतो. १८८१ मधल्या त्या आईच्या यकृतातील रोग इतका सूक्ष्म असता, तर कदाचित आजच्या दुर्बिणीलाही तो दिसला नसता. पण शोधायची वाट तरी आज आहे.

पसरलेला कर्करोग म्हणजे शस्त्रक्रिया संपली, असेही आता राहिलेले नाही. मोठ्या आतड्याचा कर्करोग यकृतात मोजक्या ठिकाणी पोहोचला असेल, तर यकृताचा तेवढा भाग काढता येतो, आणि योग्य रुग्णात तो दुर्बिणीतूनही काढता येतो. ओस्लो येथे अशा २८० रुग्णांची दोन गटांत विभागणी करून तुलना केली गेली. शस्त्रक्रियेनंतरची गुंतागुंत पोट उघडलेल्या गटात ३१ टक्के होती, दुर्बिणीच्या गटात १९ टक्के. पाच वर्षांनंतर हयात असलेल्यांचे प्रमाण दोन्ही गटांत जवळपास सारखे निघाले. जखम लहान झाली, त्रास कमी झाला आणि आयुष्य कमी झाले नाही.

पण लहान छेद दर वेळी चांगलाच असतो, असे नाही. गर्भाशयमुखाच्या सुरुवातीच्या कर्करोगात अनेक वर्षे दुर्बिणीची आणि रोबोटची शस्त्रक्रिया सर्रास होत होती. टाके कमी, घरी लवकर, त्यामुळे सगळे खूश. २०१८ मध्ये अनेक देशांतील ६३१ स्त्रियांच्या अभ्यासाचा निष्कर्ष आला, तो धक्का देणारा होता. साडेचार वर्षांनंतर आजार न उलटता जगणाऱ्यांचे प्रमाण पोट उघडलेल्या गटात ९६.५ टक्के, तर लहान छेदांच्या गटात ८६ टक्के. त्यानंतर जगभरातील सर्जननी या आजारात पुन्हा पोट उघडून शस्त्रक्रिया करण्याकडे मोर्चा वळवला. प्रत्येक रुग्ण मोजला नसता, उलटलेला प्रत्येक आजार नोंदला नसता, तर हे कधीच कळले नसते.

कर्करोगाच्या शस्त्रक्रियेचा विषय घरात निघतो, तेव्हा दुर्बिणीने होईल का, किती टाके पडतील, किती दिवसांत घरी जाता येईल, हेच प्रश्न आधी येतात. ते स्वाभाविक आहेत. पण त्यांच्या आधी डॉक्टरांना आणखी काही विचारायला हवे. रोग पसरला आहे का, हे कशाकशाने तपासले? शस्त्रक्रियेचा हेतू रोग पूर्ण काढण्याचा आहे की त्रास कमी करण्याचा? या विशिष्ट कर्करोगात लहान छेदाचे निकाल पोट उघडून केलेल्या शस्त्रक्रियेइतके चांगले आहेत का? आणि इथे अशा किती शस्त्रक्रिया होतात, त्या रुग्णांचे पुढे काय होते? चांगल्या सर्जनला या प्रश्नांचा राग येत नाही. झुरिचमध्ये दीडशे वर्षांपूर्वी एका तरुण प्राध्यापकाने हाच हिशेब स्वतःहून लोकांपुढे ठेवला होता.